तीन बाजूंची बेरीज

त्रिकोणाची परिमिती हे गणित शाळेत कुणी फारसं मनावर घेत नाही. तीन बाजू दिलेल्या असतात, बेरीज मारायची, एकक लिहायचं, की गुण खिशात. क्षेत्रफळाचा थाट निराळा. तिथं पाया, उंची, वर्गमूळ, सगळा लवाजमा. हेरॉनच्या सूत्रात परिमितीला जागा मिळते, तीही अर्धी करून.

कुंपण घालायची वेळ आली की मात्र तिचा भाव वधारतो. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हेक्टर-आरमध्ये. कडेनं तार किती लागेल, ते तिथं कुणी लिहीत नाही. समजा, वाटणीत दोघा भावांना १२-१२ आरांचे त्रिकोणी तुकडे आले. थोरल्याच्या बाजू ५०, ५० आणि ६० मीटर. धाकट्याच्या ५०, ५० आणि ८०. क्षेत्रफळ काढून बघा, दोन्हीकडे बरोबर १२०० चौरस मीटर. कागदावर कुणाला ब्र काढायला जागा नाही. परिमिती मात्र एकाची १६०, दुसऱ्याची १८०. तारेचे चार पदर ओढायचे म्हटले तर धाकट्याला ८० मीटर तार जास्त. अडीच-अडीच मीटरवर खांब रोवले तर थोरल्याचे ६४ आणि धाकट्याचे ७२. पीक तेवढंच, खड्डे आठ जास्त! समसमान वाटणी म्हणतात ती हीच.

परिमितीत एक खोट आहे, तीही सांगायला हवी. ती बिचारी कुणावरही विश्वास ठेवते. पावलं टाकत मापं सांगणारा एखादा म्हणाला, बाजू ३०, ६० आणि ९५ मीटर, तरी बेरीज बिनबोभाट १८५ येते. असा त्रिकोण जगात कुठेच नाही, कारण ३० आणि ६० मिळून ९५ला पुरतच नाहीत. भास्कराचार्यांना अशी माणसं भेटली असावीत. ११५० सालच्या ‘लीलावती’त त्यांनी ३, ६, ९ बाजूंचा त्रिकोण सांगणाऱ्याला सरळ ‘धृष्ट’ म्हटलंय. हे क्षेत्रच नव्हे, असा निकाल दिलाय. पटत नसेल तर त्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवा म्हणे. मांडल्या, तर ३ आणि ६ मुकाट ९च्या अंगावर आडव्या होतात. मला हा उपाय फार आवडतो. वाद घालण्यापेक्षा काड्या स्वस्त.

राहता राहिला धाकटा. त्यानं फार जिवाला लावून घेऊ नये. लांब बाजूच्या बांधावर शेजाऱ्यानं आधीच तार ओढलेली असेल, आणि थोरल्याकडेही तसंच असेल, तर दोघांनाही उरतात १००च मीटर. मग भांडायला फक्त फाटक उरतं, ते कुठल्या बाजूला ठेवायचं.