फॉर्म भरायला येणाऱ्या आई-बापांसाठी

बार्शीत कॉलेजसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जून ते ऑगस्ट पाय ठेवायला जागा नसते. पोरं अर्धा फॉर्म मोबाइलवरच भरून येतात, त्यांची मला काळजी नाही. मला बोलायचंय ते त्यांच्यामागं कागदांची पिशवी धरून उभ्या असलेल्या आई-बापांशी. खिडकीतला क्लार्क फाडफाड चार शब्द फेकतो, हे मान डोलावतात आणि बाहेर येऊन मला विचारतात, "ताई, काय म्हणाले ओ ते?" अहो, तिथंच विचारा की परत. त्या शब्दांवर तुमची फी ठरते.

आधी पर्सेंटाइल, कारण पेढे तिथंच वाटले जातात. "पोरीला सीईटीला ९० टक्के पडले" म्हणतात. सीईटी म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांची राज्याची प्रवेश परीक्षा. त्यातले ते टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतल्या नव्वद जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी. सीईटी बरेच दिवस, वेगवेगळ्या सत्रांत चालते. कुणाला अवघड पेपर येतो, कुणाला सोपा, म्हणून ही पद्धत. बारावीचे टक्के वेगळे. इंजिनिअरिंगला पात्र ठरायला भौतिकशास्त्र, गणित वगैरे तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. पुढं नंबर लागतो तो पर्सेंटाइलवर.

आता कॅप. हा शब्द सगळ्यात महागात पडतो. कॅप म्हणजे सरकारी सीईटी सेलमार्फत होणाऱ्या प्रवेशाच्या फेऱ्या. यादीत कॉलेजं आपण क्रमानं टाकायची, वाटप संगणक करतो. पहिल्या फेरीत तुमचा पहिलाच पर्याय लागला तर तो आपोआप पक्का होतो, म्हणून "बघू, टाकून तर ठेवू" असं म्हणत पहिल्या नंबरावर काहीही टाकू नका. काही कॉलेजांची माणसं मे महिन्यातच गावात घरोघरी फिरतात. "कशाला फेऱ्यांच्या भानगडीत पडता, आमच्याकडं सीट पक्की करून टाका." गेल्या साली एका शेतकरीदादांनी असंच केलं. पोरगी ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. प्रवेश झाला तो व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतःच भरतं त्या जागांतून. मग माझ्याकडं महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा, फॉर्म भरायला आले. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला असेल तरच. अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठंही त्यात येत नाहीत. दादा बराच वेळ बाकावर बसून होते. मी चहा मागवला, दुसरं काय करणार?

माफी म्हटली तरी ती कशाची, हे विचारत जा. टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या योजनेतली, जागा मिळाली की पोरं "फ्री सीट, फ्री सीट" करतात. माफ होतं ते शिक्षण शुल्क. विकास शुल्क आणि बाकीचे आकार भरावे लागतात, होस्टेल-मेस तर आहेच. "एकूण फी किती" एवढ्यावर न थांबता "कशाकशाची किती" ते कागदावर लिहून मागा.

बीए-बीकॉमवाल्यांनी एकच पाहायचं: तुकडी अनुदानित की विनाअनुदानित. इमारत एक, बऱ्याचदा शिकवणारे सरही तेच, फी मात्र दुप्पट-तिप्पट असू शकते. ऑटोनॉमस म्हणजे खासगी, असंही काही जण धरून चालतात. तसं नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं, पदवी विद्यापीठाचीच मिळते.

एटीकेटीवरून तर घरात रडारड होते. परवा एक आजी विचारत होत्या, "नातवाला एटी का काय ते झालंय, दवाखान्यात दाखवलं का?" एखाददुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येतं आणि तो विषय नंतर सोडवता येतो, इतकंच ते. किती विषयांपर्यंत चालतं, ते विद्यापीठाचा नियम सांगतो. घाबरायचं ते वायडीला, म्हणजे अख्खं वर्ष मागं राहण्याला. आणि पोरगं "सात पॉइंट दोन सीजीपीए" (सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी) म्हणालं की ७२ टक्के धरू नका. टक्के काढायचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, बऱ्याचदा गुणपत्रिकेच्या मागंच छापलेलं असतं.

क्रेडिटचं फार डोक्याला लावून घेऊ नका. साधारण पंधरा तासांच्या शिकवणीला एक क्रेडिट, असा हिशेब. ती जमा होतात एबीसी आयडीवर, म्हणजे पोराच्या क्रेडिटच्या खात्यावर. हा बारा आकडी नंबर डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून निघतो आणि गाडं अडतं ते इथं. आधारवर बापाचं नाव 'बाळासाहेब', गुणपत्रिकेवर 'बाळासो'. नावं जुळत नाहीत, फॉर्म पुढं सरकत नाही, आणि मागं पंधरा जणांची रांग. आधार दुरुस्तीला दिवस जातात. तेव्हा बारावीच्या निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच आधार आणि दहावीची गुणपत्रिका घेऊन या. दुकानात पंखाही रिकामाच फिरत असतो तेव्हा.