डबे आणि कोरडा शिधा : बाराव्या आठवड्याअखेरची नोंद

कपाटातल्या टिकाऊ जिन्नसांवरच्या माझ्या या स्वयंपाक-प्रयोगाचे नियम आधी पुन्हा सांगतो, म्हणजे पुढचे संदर्भ लागतील. आठवड्यातून तीन रात्रींचे जेवण केवळ कपाटातल्या जिन्नसांतून करायचे, म्हणजे डबाबंद किंवा सुके चालेल, ताजे काहीही नाही. तेल, मीठ, मसाले आणि व्हिनेगर यांना सूट आहे. कांदा-लसूण हवाच असेल तर पुडीच्या रूपात. बिघडलेले जेवणही, ते खाण्यास सुरक्षित असेल तर, तसेच खायचे. या हिशेबाने आजवर छत्तीस जेवणे व्हायला हवी होती, त्यांपैकी एकतीस झाली, आणि त्या एकतिसातली निदान सात अशी होती की त्यांच्याविषयी काही लिहू नये हेच बरे.

पहिले सहा आठवडे मी एकच चूक वेगवेगळ्या रूपांत करत होतो. डबाबंद आणि सुके जिन्नस दोन्ही टिकाऊ म्हणून एकाच खणात शेजारी बसतात, त्यामुळे भांड्यातही मी त्यांना एकाच रीतीने वागवत होतो : सगळे एकदम घालायचे, वर पाणी ओतायचे आणि मंद आचेवर ठेवून द्यायचे. वास्तविक दोघांची गरज नेमकी उलट असते. कडधान्ये, मका किंवा मासे यांसारखे कमी आंबट पदार्थ डब्यात सीलबंद केल्यावर डब्यासकट सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवले जातात, कारण बोट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात तग धरू शकतात. म्हणजे डबा उघडतो तेव्हा आतला पदार्थ पूर्ण शिजलेला असतो आणि वर पाण्यातही बुडालेला असतो. त्याला शिजवायचे नसते, त्याच्या अंगचे पाणी कमी करून त्यात चव आणायची असते. सुक्या जिन्नसाला मात्र पाणी आणि वेळ दोन्ही द्यावे लागते. हे एकदा ध्यानात आल्यावर स्वयंपाकाचा क्रम आपोआप बदलला : सुके आधी, डबाबंद नंतर, आणि मासे आच बंद केल्यावर.

माशांचा मुद्दा दोन ओळींत संपवतो. डब्यातला ट्यूना मी सुरुवातीला रश्श्यात वीस मिनिटे उकळत असे आणि त्याचा भुसा झाला की डब्याला दोष देत असे. आता तो निथळून, मोठे तुकडे न मोडता, गॅस बंद केल्यावर वरून घालतो आणि दोन मिनिटे झाकण ठेवतो, एवढे पुरते.

टोमॅटोवर मात्र मी तीन रात्री खर्च केल्या आणि त्या सत्कारणी लागल्या. डब्यातले चिरलेले टोमॅटो कितीही वेळ शिजवले तरी त्यांचे चौकोनी तुकडे तसेच का राहतात, हे कोडे मला पहिल्या आठवड्यापासून होते. उत्तर लेबलवर बारीक अक्षरांत छापलेले होते : कॅल्शियम क्लोराइड. तुकड्यांचा आकार टिकावा म्हणून ते घालतात. त्यातले कॅल्शियम टोमॅटोच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी बांधले जाते आणि तुकडा विरघळायला तयार होत नाही. मी एकाच आचेवर दोन कढया ठेवल्या, एकीत चिरलेले टोमॅटो आणि दुसरीत सोललेले अख्खे टोमॅटो हाताने कुस्करून. पंचवीस मिनिटांनी दुसऱ्या कढईत दाट, एकजीव सॉस होता. पहिलीत पातळ लाल पाणी आणि त्यात पोहणारे तुकडे. तेव्हापासून सॉससाठी अख्खेच टोमॅटो घेतो. काही अख्ख्या टोमॅटोंच्या डब्यांतही कॅल्शियम क्लोराइड असते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय डबा टोपलीत टाकत नाही.

टोमॅटो पेस्टविषयीही थोडे सविस्तर लिहितो, कारण ताज्या जिन्नसांच्या अनुपस्थितीत चवीचा बहुतेक भार तिच्यावरच पडतो. दोन चमचे पेस्ट थेट तेलात घालावी, पाण्यात नव्हे. पहिले मिनिटभर तो लाल गोळा तेलाशी फटकून राहतो आणि काहीच घडत नाही असे वाटते. मग तेलाच्या कडा नारिंगी होऊ लागतात, गोळा पसरून तळाला किंचित धरतो, आणि उलथन्याने खरवडला की खाली विटेच्या रंगाचा पातळ थर दिसतो. कच्चा, धातूसारखा आंबट वास जाऊन भाजल्यासारखा गोडसर वास येतो, तोच पाणी घालण्याचा क्षण. यास मध्यम आचेवर चार मिनिटे लागतात. सहाव्या मिनिटाला ती करपते, हे मी दोनदा सिद्ध केले आहे.

आता राजमा, म्हणजे नंतरच्या सहा आठवड्यांतली खरी लढाई. सातव्या आठवड्यात बारा तास भिजवलेला सुका राजमा मी टोमॅटोच्या सॉसमध्येच शिजायला टाकला. दोन तासांनी दाणा जिभेवर घेऊन टाळूशी दाबला तर साल ताठ आणि आत खडूसारखा पिठूळ कण. आणखी तासाभराने त्यात फरक इतकाच पडला होता की सॉस करपू लागला होता. कारण आंबटपणा, असे मी ठरवून टाकले, आणि ते खोटेही नव्हते, कारण आम्लात कडधान्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सहज सुटत नाही. पण आठव्या आठवड्यात त्याच पाकिटातला राजमा मी नुसत्या पाण्यात शिजवला आणि दीड तासानंतरही तो तसाच कडक. मग शेजारीच नव्या पाकिटातला राजमा त्याच पद्धतीने शिजवला, तो पंचावन्न मिनिटांत मऊ झाला. म्हणजे टोमॅटो दोषी होताच, पण मोठा गुन्हेगार पाकिटाचे वय होते. उष्ण आणि दमट जागी दीर्घकाळ पडून राहिलेल्या कडधान्यात असे बदल घडतात की ते नेहमीच्या वेळात मऊ होतच नाही. माझे पाकीट शेगडीच्या वरच्या खणात होते, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार! आता सर्व सुकी कडधान्ये खालच्या, थंड खणात हलवली आहेत आणि प्रत्येक बरणीवर खरेदीचा महिना लिहिला आहे.

भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातले तर दाणे कडक होतात, ही समजूतही याच काळात तपासून पाहिली. अनुभव उलटा आला. लिटरभर पाण्यात पंधरा ग्रॅम मीठ घालून रात्रभर भिजवलेल्या राजम्याची साल अधिक मऊ झाली आणि शिजताना कमी फाटली. सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा सोडियम घेते, हे त्यामागचे कारण. जड पाण्याने कडधान्ये उशिरा शिजतात तीही याच कॅल्शियमची करणी. चिमूटभर खाण्याचा सोडा वेळ आणखी कमी करतो, मात्र चिमूट म्हणजे चिमूटच. मी एकदा अर्धा चमचा घातला तेव्हा साबणाच्या चवीचा लगदा मिळाला, आणि नियमाप्रमाणे तो खाल्ला.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचे प्रथिन, असते आणि ते नीट नष्ट झाले नाही तर काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होतात. त्यामुळे तो किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळावा. दहा मिनिटे हा किमान काळ सांगितला जातो, मी तीस मिनिटे धरतो. मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो कच्चा टाकू नये, कारण तिथले तापमान पुरेसे चढले नाही तर अर्धवट तापलेला दाणा कच्च्याहूनही अधिक त्रासदायक ठरू शकतो. डबाबंद राजम्याला ही चिंता नाही.

कडधान्य डबाबंद बरे की सुके, या जुन्या वादात मी आता मध्येच उभा आहे. ४०० ग्रॅमच्या डब्यातून निथळल्यावर सुमारे २४० ग्रॅम कडधान्य मिळते आणि तेवढेच शिजवलेले कडधान्य साधारण १०० ग्रॅम सुक्या दाण्यांतून निघते. पोत आणि चव यांत सुके जिंकते, पण कामावरून उशिरा आलेल्या रात्री डब्याला पर्याय नाही. डब्यातले दाणे निथळून धुतले की त्यांतले मीठ बरेच कमी होते, म्हणून खारट पाण्यातले असतील तर धुतो. काबुली चण्यांचे पाणी मात्र, ते फार खारट नसेल तर, फेकत नाही. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने ते अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसता येते हे दाखवले आणि पुढच्या वर्षी त्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव मिळाले. मीही नऊ मिनिटे फेसून पाहिले, सुरेख पांढरा फेस आला, आणि मग लक्षात आले की रात्रीच्या जेवणात त्याचे करायचे काय हे मी ठरवलेच नव्हते. आता ते पाणी सरळ पास्त्यात घालतो. सॉसला दाटपणा येतो.

पास्ताही सध्या वेगळा उकळत नाही. टोमॅटोचा सॉस पाण्याने सैल करून सुका पास्ता त्यातच शिजवतो, म्हणजे त्याचा स्टार्च भांड्यातच राहतो. पाकिटावर अकरा मिनिटे लिहिलेला पास्ता असा शिजायला सतरा मिनिटे घेतो, आणि शेवटची पाच मिनिटे ढवळत उभे राहावे लागते, नाहीतर तळ धरतो. लाल मसूरडाळ हा सर्वांत कमी कटकटीचा जिन्नस आहे, भिजवणे नको, वीस मिनिटांत विरघळते. तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही घडत नाही ही तिची प्रशंसाच समजावी.

दहाव्या आठवड्यात एक डबा टाकून द्यावा लागला. खणाच्या मागे पडलेल्या मक्याच्या डब्याचे झाकण फुगलेले होते. असा डबा उघडून, वास घेऊन किंवा चाखून पाहायचा नसतो, कारण बोट्युलिझमचे विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असे नाही. शिवणीवर खोल पोचा, गळती किंवा उघडताना जोराने उडणारा फवारा, यांनाही तोच न्याय. उघडलेला आणि उरलेला माल मी काचेच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवतो आणि तीन दिवसांत संपवतो.

अकराव्या आठवड्यात माझा डबा उघडण्याचा ओपनर मोडला आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो, तेव्हा एका जुन्या माहितीने दिलासा मिळाला. पीटर ड्युरांडला इंग्लंडमध्ये कथलाच्या डब्याचे पेटंट १८१० मध्ये मिळाले, पण अमेरिकेत एझरा वॉर्नरने ओपनरचे पेटंट घेतले ते १८५८ मध्ये. मधल्या काळात लोक छिन्नी-हातोडा वापरत. माझा डबा अकरा मिनिटांत उघडला. अंगठ्यावरची चीर अजून भरलेली नाही.

सुक्या अळिंब्यांचा प्रयोग पुढच्या टप्प्यात आहे. त्यांच्या भिजवण्याच्या पाण्यात चव असते आणि तळाशी रेतीही असते, एवढा धडा पहिल्याच घासाला मिळाला आहे, तेव्हा पाणी कापडातून गाळायचे हे ठरले. त्याआधी त्या जुन्या पाकिटातला उरलेला ३०० ग्रॅम राजमा निकालात काढायचा आहे. आज सकाळी तो मीठ आणि चिमूटभर सोडा घातलेल्या पाण्यात भिजत घातला आहे, उद्या टोमॅटोशिवाय प्रेशर कुकरमध्ये लावेन. आत्ता पाहिले तर निम्मे दाणे फुगले आहेत आणि निम्मे तळाशी जसेच्या तसे, सुरकुती न पडता, बसून आहेत.