उसाच्या फडात मालक कोण?

एमबीएच्या तिसऱ्या सत्रात आम्हाला व्यवसायनीती आणि शाश्वतता हा विषय आहे. त्यात एक उद्योग निवडून त्याच्या बाह्य भोवतालाचे सहा रकाने भरायचे: राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय, कायदेशीर. आमच्या गटानं साखर घेतली. मीच आग्रह धरला होता. मी वाळवा तालुक्यातली, घरी ऊस, अण्णा कारखान्याचे सभासद.

राजकीय रकाना एका बैठकीत भरला. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि आठवड्याभरानं ती थोडी सैल केली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्यांचं गणित त्या एका आदेशानं बिघडलं. एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसाचा मिळायचा किमान दर, दिल्लीत ठरते, निर्यातीचा कोटाही तिथंच. लिहायला भरपूर होतं. सामाजिक रकान्यात मात्र एकच ओळ आली: 'हंगामी मजुरांची उपलब्धता'. ती वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आमच्याकडे येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. येण्याआधी त्यांनी मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ते पैसे बहुतेक वेळा कारखान्यातून निघतात, तोडणी-वाहतुकीच्या करारानं वाहतूकदाराकडे, तिथून मुकादमाकडे आणि शेवटी कोयत्याकडे जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, हिशोब जोडीचा होतो आणि वहीत नाव बहुतेक नवऱ्याचं असतं. आज कुणाचा फड तोडायचा ते कारखान्याचं शेती खातं ठरवतं. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. हुकूम कारखान्याचा, पैसा अण्णांच्या बिलातला, आणि बाई मात्र कागदावर कुणाचीच कामगार नाही.

कारखाने म्हणतात, आम्ही मालक नाही, मजूर मुकादमाचे. मग जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, तेव्हा वाटाघाटीला समोर कोण बसलं होतं? एका बाजूला कामगारांच्या संघटना आणि दुसऱ्या बाजूला साखर कारखान्यांचा संघ. मजुरी ठरवताना मालक असायचं आणि संडास-पाण्याचा प्रश्न आला की नसायचं, हे मला पटत नाही.

याची किंमत बायकांनी मोजली आहे. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. पाळीत दुखलं तरी खाडा, बाळंतपण झालं तरी खाडा. गर्भाशयाला थोडा त्रास झाला की 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो, आणि खाड्याच्या भीतीपोटी तो ऐकलाही जातो. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आमच्या फडात आलेल्या पाटोद्याच्या एका मावशींना मी याबद्दल विचारलं. त्या मोळी बांधत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझी पण काढलीय. कमरेचं दुखणं तवापासून लागलंय."

आता नियमांकडे बघा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, म्हणजे बीआरएसआर, २०२२-२३ पासून सक्तीचा केला. त्यातलं तिसरं तत्त्व पुरवठा साखळीतल्या माणसांच्याही हिताबद्दल बोलतं. पण साखळीतल्या भागीदारांचा तपशील द्यायचा तर कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत एकट्याचा वाटा किमान २ टक्के हवा, असा निकष आहे, आणि तेवढाही तपशील देणं आता ऐच्छिक केलंय. एकेकटा मुकादम २ टक्क्यांपर्यंत कधी पोचणार? शिवाय आमच्याकडचे सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीतच, त्यांना हा अहवाल लागूच होत नाही. प्रवरानगरला ज्या सहकारानं शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केलं, त्याच्या सभासदांत ऊस तोडणाऱ्याला कधी जागा मिळाली नाही.

म्हणून मी गटात म्हटलं, हा सामाजिक रकाना मुळात 'बाह्य' कसा? टोळी आली नाही तर गाळप बंद पडतं. कारखान्याचं काम कुठं संपतं ती रेघ कारखान्यानंच ओढलीय, आणि आमच्या अहवालानं आधी तीच तपासली पाहिजे.

अण्णांशीही यावर बोलले. ते म्हणाले, "ऊस म्हैनाभर उभा ऱ्हायला तर वजन घटतंय, आमी तरी काय करायचं?" खरं आहे. शेतकरीही तोडणीच्या चिठ्ठीची वाट बघत असतो, टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री म्हणून वरचे पैसे देतो. पण सभासद म्हणून वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा हक्क त्यांच्याकडे आहे. मावशींकडे तोही नाही.

आमच्या शिफारशी साध्या आहेत. तोडणी-वाहतुकीचा करार कारखान्याचाच कागद आहे, तेव्हा खाड्याचा दंड घ्यायचा नाही हे कलम त्यातच घालावं. बाईचं नाव वेगळं नोंदवून तिची मजुरी तिच्या खात्यावर द्यावी. कोप्यांजवळ संडास आणि पाणी कारखान्यानं पुरवावं. यावर गटातल्या मित्राचं म्हणणं असं, की एकट्या कारखान्यानं हे केलं तर मुकादम टोळ्या शेजारच्या कारखान्याला नेतील. आक्षेप खोटा नाही. म्हणून दराच्या पुढच्या करारातच संघानं ही कलमं सगळ्यांसाठी घालावीत, असं मी मसुद्यात लिहिलंय. मित्राची सही अजून झालेली नाही.