दारूबंदीच्या जिल्ह्यात एएची मीटिंग शोधताना

आमच्या यांना दारू सोडवल्यावर दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा कार्डावर सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘एए मीटिंगला जाणे’. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांनी एकमेकांना सोबत करायचा गट. मीटिंग कुठं, कोणत्या वारी, विचारायचं कोणाला, यातलं काहीच नव्हतं. दारू उतरतानाचा त्रास डॉक्टरांनी चांगला सांभाळला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमचं घोडं अडलं ते त्या एका ओळीपाशी.

वर्धा हा गांधीजींचा जिल्हा, सेवाग्राम इथलंच, म्हणून कितीतरी वर्षांपासून इथं दारूबंदी आहे. आमच्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते, पण मोहाची हातभट्टी आणि शेजारच्या जिल्ह्यातले पव्वे कधीच चुकत नाहीत. हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

तर मी तालुक्याच्या एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाबूंना हळू आवाजात विचारलं, दारू सोडलेल्यांची बैठक जवळपास कुठं भरते? ते म्हणाले, “ताई, आपला जिल्हा दारूबंदीचा हाय. इथं असा गट कसा राहीन?” मी कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, “पेशंट कोण? नाव सांगा, गाव सांगा.” मागं रांगेत आमच्याच भागातली माणसं उभी होती. मी नाव सांगितलं नाही. मग त्यांनी दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. तिथल्या साहेबांनी एका निवासी केंद्राचं माहितीपत्रक हातात दिलं, महिन्याचे पैसे किती ते पेनानं गोल करून. यांना भरती व्हायचंच नव्हतं, दारू सुटलेली होती. ती सुटलेली राहावी म्हणून चार माणसांची सोबत हवी होती. तिसऱ्या टेबलावर सांगितलं, अर्ज द्या. तोही दिला, आवक क्रमांक पडला, पोच मिळाली. उत्तर आजपर्यंत नाही. मला त्या खिडकीचा अजून राग येतो. बंदीचा कागद आहे म्हणून पिणारा माणूसच नाही असं धरून चाललं, तर त्याच्या बायकोनं जायचं कुठं?

वाट सापडली ती दवाखान्यातच. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात. सुट्टी घेतानाच त्यांना गाठा, बाकी खिडक्यांवर वेळ घालवू नका. आमच्या मॅडमनी एएच्या एका सदस्याचा नंबर दिला आणि सांगितलं, फोन तुम्ही नका करू, त्यांनाच करू द्या. ते किती बरोबर होतं! पलीकडचा माणूस यांना म्हणाला, “भाऊ, मीबी पिणाराच. या, बसू.” माझ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या दोन वाक्यांनी झालं.

जिल्ह्याच्या गावी एका शाळेच्या खोलीत मीटिंग होती. बाहेर फलक नव्हता, आणि सदस्यांची नावं गुप्त ठेवणं हा तर त्यांचा नियमच आहे. म्हणून ती लवकर सापडत नाही. फी नाही, नोंदवही नाही, आधार कार्ड कोणी मागत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी एक स्टीलचा डबा फिरतो, सदस्य आपापल्या परीनं त्यात टाकतात. बाहेरच्यांकडून वर्गणी घेत नाहीत. अमेरिकेत १९३५ साली दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून हे सुरू केलं आणि १९५७ साली ते मुंबईत आलं, हे मला तिथल्याच एका काकांनी सांगितलं. ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात, क्लोज मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं.

मीटिंग संध्याकाळची आणि आमची शेवटची एसटी त्याआधीच निघून जायची. हे फोनवरच सांगा, लाजू नका. वाटेवरच्या गावातले एक भाऊ मोटारसायकलवर यांना नेऊ-आणू लागले. कापूस वेचणीच्या दिवसांत जाणं झालं नाही तर हे मोबाइलवरच्या मीटिंगला बसायचे, रेंज यावी म्हणून घराच्या धाब्यावर चढून.

एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवावर बेततं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. रात्री-बेरात्री कोणाला विचारावं कळलं नाही तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी मोफत नंबर आहेत. कार्डावर लिहून ठेवा.

दोन-तीन पिणारे दारूपासून दूर राहायला एकत्र बसले की एएचा गट होऊ शकतो, हे कळल्यापासून हे आणि ते मोटारसायकलवाले भाऊ आमच्या गावात दर गुरुवारी बसतात. आता तिसरे एकजण येऊ लागले आहेत. फलक लावायचा नाहीच, पण जागा आणि वेळ मी आशाताईंकडे आणि दवाखान्यातल्या मॅडमकडे लिहून दिली आहे. मॅडम आता ती कार्डावरच्या त्या ओळीखाली लिहून देतात.