उडनाडाटा ट्रॅक, जुन्या लष्करी जीपमधून

विलीस ही जुनी लष्करी जीप घेऊन ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड मुलखात जायचं ठरलं की पहिला वाद वेगावरून होतो. डॅशबोर्डवरच्या पाटीवर कमाल वेग ताशी ६५ मैल असं छापलेलं असतं, आणि प्रत्येक टोळीत तो आकडा खरा करून बघायची हौस असलेला एक जण असतोच. डांबरी रस्त्यावर बघा हवं तर. कच्च्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, फार तर ५५. त्यापुढे गेलात की पुढची चाकं थरथरायला लागतात, स्टिअरिंग हातात नाचतं आणि ऐंशी वर्षांच्या वायरिंगचा एकेक स्क्रू ढिला व्हायला लागतो. एवढं मान्य केलं की बाकीचा प्रवास त्याच्याभोवती आखता येतो.

आम्ही गेलो ते जुलैत, अॅडलेडहून. चार जीप आणि मागे पाणी, पेट्रोल, सुटे भाग घेऊन एक आजची लँड क्रूझर. जीप सगळ्या दुसऱ्या महायुद्धातल्या: काही विलीस, काही फोर्डने बनवलेल्या. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. दिसायला सारख्याच, पण फोर्डवाल्यांनी आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ ठोकून ठेवलाय. जुन्या गाड्यांच्या क्लबातली मंडळी मुक्कामी टॉर्च घेऊन हे ‘एफ’ शोधत बसतात. आपल्याला रस नसेल तर सरळ झोपायला जावं. माझा जीपशी संबंध साताऱ्याकडच्या वडापातला, दहा-बारा माणसं आणि वर दोन करडं. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रांनी मुंबईत विलीसच्या जीपची जोडणी सुरू केली, ती या लष्करी जीपचीच पुढची पिढी. त्यामुळे गिअर टाकताना येणारा तो ‘खर्रर्र’ मला परका नव्हता.

रस्ता कोणता घ्यावा? नवख्यांना मी तरी दक्षिण ऑस्ट्रेलियातला उडनाडाटा ट्रॅक हा कच्चा रस्ताच सांगेन: मरी ते मार्ला, सुमारे ६१५ किलोमीटर. मरीहून विल्यम क्रीक २०० च्या जरा वर, तिथून उडनाडाटा २०० च्या आसपास, पुढे मार्ला आणखी तितकंच. जीपच्या सीटखालच्या टाकीत ५७ लिटर पेट्रोल मावतं आणि मागच्या लोखंडी चौकटीत २० लिटरचा जेरीकॅन. समोरून वारा असला तरी एवढ्यात एक टप्पा निघतो. सिम्पसन वाळवंट ओलांडायची स्वप्नं नंतर बघा. वाळूच्या टेकड्यांवर हे ६० अश्वशक्तीचं इंजिन पाणी पिऊन पिऊन बेजार होतं.

या टप्प्यांमागे गंमत आहे. जमिनीखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा पाण्याचा प्रचंड साठा आहे आणि त्याच्या कडेने झऱ्यांची एक ओळ वर येते. जॉन मॅकडुअल स्टुअर्ट हा शोधक प्रवासी १८५९ मध्ये याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे सरकला. मग त्याच ओळीने तारखात्याची लाइन गेली, ती १८७२ मध्ये पूर्ण झाली. पाठोपाठ रेल्वे आली, तिच्या वाफेच्या इंजिनांनाही पाणी लागायचंच, ती १८९१ ला उडनाडाटात पोचली. आजचा ट्रॅक आता बंद झालेल्या त्या रेल्वेच्या वाटेशेजारून जातो. आधुनिक गाडीवाले हे सगळं एका दिवसात पार करतात आणि ‘काही नाही हो तिथे’ म्हणून सांगतात. जीपला दर तासा-दीड तासाने थांबवून बॉनेट उघडावं लागतं, आणि थांबलात की जवळपास एखादं पडकं स्टेशन, पाण्याची गंजकी टाकी नाहीतर तारेचा खांब असतोच.

मरीपर्यंत जीप ट्रेलरवर चढवून आणा. अॅडलेडपासून ते अंतर ७०० किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. ‘चालवत नेली नाही तर मजा काय’ म्हणणारे भेटतील. त्यांना पोर्ट ऑगस्टाच्या हायवेवर मागे शंभरच्या वेगाने येणारा ट्रक घेऊन ५५ नं चालवू द्या. शिवाय इथे जुन्या गाड्यांची क्लब नोंदणी स्वस्त असते, पण वर्षातले ठरावीक दिवसच गाडी रस्त्यावर आणता येते आणि प्रत्येक दिवस लॉगबुकात लिहावा लागतो. ते दिवस डांबरावर कशाला उधळायचे? बॉनेटवर नकली मशीनगन बसवायची हौस असेल तर ती घरीच ठेवा. नकली शस्त्रांचे कायदे इथे कडक आहेत आणि राज्याराज्यांत वेगळे आहेत.

मरीत अर्धा दिवस तरी काढा. इथून एक फाटा बर्ड्सव्हिलला जातो, दुसरा आपला. एकेकाळी गावाच्या एका अंगाला उंटवाल्यांची वस्ती होती. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणायचे, पण त्यांत बलुची, पंजाबी, सिंधीही होते. १८६० पासून उंट आणि माणसं कराचीच्या बंदरातून जहाजावर चढायची, आणि तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराच्या मुलखातून निघालेले उंट इथे तारेचे खांब आणि लोकरीच्या गासड्या वाहत होते. गावात त्यांच्या मशिदीची मातीची, लाकडी खांबांची छोटी प्रतिकृती आहे. दोन मिनिटांत बघून होते, पण चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या फेब्रुवारीत डार्विनवर बॉम्ब पडल्यावर, उत्तरेकडे जाणारं सैन्य आणि सामान मरीवरून जाणाऱ्या त्याच रेल्वेच्या अरुंद रुळांवरून अॅलिस स्प्रिंग्जपर्यंत जायचं. आपल्या जीपचा या रुळांशी संबंध आहे तो असा.

मरी सोडलं की थोड्या वेळात डिंगो कुत्र्यांना अडवणारं कुंपण लागतं. ते ५,००० किलोमीटरहून लांब आहे, पण दिसतं मात्र साधंच, जाळी आणि खांब. मग रस्त्याकडेला शेपटीवर उभी केलेली दोन विमानं दिसतात. ते शिल्प आहे, अपघात नाही. फोटो काढा, पुढे चला.

इथवर येता येता आमच्यातली एक जीप खोकली आणि बंद पडली. सकाळचे अकरा, ऊन फार नाही, पाठीमागून वारा. हे लक्षात ठेवा: वारा पाठीमागून असला आणि गाडीचा वेगही त्याच्याइतकाच असला की रेडिएटरला हवा मिळत नाही, बॉनेटखाली सगळं भाजून निघतं आणि नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. पेट्रोलच्या पंपावरच्या काचेच्या वाटीकडे बघा. ती अर्धी रिकामी आणि आत बुडबुडे असतील तर कार्बोरेटर उघडत बसू नका. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाका, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, चहा ठेवा. चहा होईपर्यंत वाटी पुन्हा भरलेली दिसते. आमच्यातले एक सत्तरी उलटलेले गृहस्थ पेट्रोलच्या नळीवर ओळीने लाकडी चिमटे लावतात, कपडे वाळत घालायचे असतात तेच. त्याचा उपयोग होतो की नाही यावर दोन मुक्काम वाद चालला. त्यांची जीप बंद पडली नाही, एवढं खरं. बाकी पेट्रोल साधं ९१ ऑक्टेनचं चालतं. हे इंजिन त्याहून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलंय. दुर्गम वस्त्यांत काही ठिकाणी ओपल नावाचं पेट्रोल मिळतं, लोकांनी पेट्रोल हुंगू नये म्हणून बनवलेलं. तेही बिनधास्त भरा.

लेक आयर हे बहुतेक वेळा कोरडं असणारं मिठाचं तळं, त्याचं मूळ नाव काटी थांडा. त्याचा दक्षिण भाग रस्त्यावरूनच दिसतो. देशातली सर्वांत सखल जागा याच तळ्यात आहे, समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली. १९६४ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेलने याच तळ्याच्या मिठावर गाडी ताशी ४०३ मैलांनी पळवली होती, त्यामुळे ‘आपणही जरा खाली उतरवू’ असं कुणाच्या तरी तोंडून निघतंच. अजिबात नको. तळ्यावर गाडी न्यायला बंदी आहे, तिथल्या मूळनिवासी अराबाना लोकांची ती पवित्र जागा आहे, आणि वरच्या मिठाच्या पापडीखाली चिखल आहे. त्यात रुतलेली जीप काढायला कोणी येणार नाही.

त्यापुढे ‘बबलर’ आणि ‘ब्लँच कप’ हे दोन झरे. जराशा आडवाटेला आहेत, पण सगळ्या ट्रॅकवर मला सर्वांत आवडलेली जागा हीच. बबलरच्या काठावर उभं राहा. स्वच्छ पाण्याच्या तळाशी वाळू शांत पडलेली असते, मग मधोमध ती फुगते, वर्तुळ मोठं होत काठापर्यंत येतं, फुटतं आणि परत निवळतं. चहूबाजूंना नजर जाईल तिथवर गवताची काडी नाही आणि पायाशी हे चाललेलं. हे पाणी खनिजांनी भरलेलं असतं. रेडिएटरमध्ये ओतू नका. रेडिएटरसाठी घरूनच पाणी न्या आणि माणसांसाठी माणशी रोज दहा लिटर धरा. पहिला मुक्काम जवळच्याच काउअर्ड स्प्रिंग्जला करा: खजुराची जुनी झाडं, रेल्वेच्या जमान्यातल्या इमारती आणि कोमट पाण्याचं एक कुंड. दिवसभराचा फुफाटा अंगावरून उतरतो. सुट्ट्यांत गर्दी असते, आधी विचारून ठेवा.

जीपला दारं नाहीत, हीटर नाही, आणि पुढची काच आडवी टाकून फोटो छान येत असले तरी समोरून आलेला दगड थेट तोंडावर बसतो. जुलैत पहाटे पारा शून्याजवळ असतो. लोकरीची टोपी, हातमोजे, बंद गॉगल आणि दुपारच्या माशांसाठी तोंडावरची जाळी, हे सगळं एकाच दिवसात लागतं. धुळीत पुढच्या गाडीपासून अर्धा किलोमीटर मागे राहा आणि वायरलेसवर बोलत राहा. या जीप डाव्या स्टिअरिंगच्या, आणि रस्ता आपल्यासारखाच डावीकडून. ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला काही दिसत नाही, शेजारचा माणूस सांगेल ते खरं, म्हणून झोपाळू माणसाला शेजारी बसवू नका. समोरून पन्नास मीटर लांबीची रोड ट्रेन आली तर सरळ कडेला जाऊन थांबा आणि धूळ बसेपर्यंत हलू नका. सहा व्होल्टच्या दिव्यांनी फक्त आपण येतोय एवढं कळतं. सूर्य कलायच्या आत मुक्काम गाठा, रात्री कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावरच असतात. फोन चार्ज करायला वेगळी बॅटरी ठेवा, गाडीच्या सहा व्होल्टवर नेहमीचा चार्जर चालत नाही. तसाही मधल्या टप्प्यांत फोनला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा आपत्कालीन बीकन हवाच.

विल्यम क्रीक म्हणजे एक पब, एक धावपट्टी आणि मूठभर माणसं, तेही अॅना क्रीक या जगातल्या सर्वांत मोठ्या गुरांच्या रानाच्या मधोमध. लेक आयरमध्ये पाणी असेल त्या वर्षी इथून विमानाने चक्कर मारा. पैसे जातात, पण ते तळं वरूनच कळतं.

पुढचा भाग जास्त खडबडीत. पन्हळी पत्र्यासारखा रस्ता, तासन् तास. तिथे एका जीपचा मागचा पाटा तुटला. अॅक्सल आणि चासीच्या मधे कठीण लाकडाचा ठोकळा घातला, पट्ट्याने करकचून बांधला आणि गाडी ताशी तीसने उडनाडाटापर्यंत गेली. हा ठोकळा घरून कापून न्या, फुकट आणि बिनवजनाचा इलाज आहे. शिवाय पाट्याचं मुख्य पान, यू-बोल्ट, पॉइंट्स, कंडेन्सर, पंपाचा पडदा, फॅन बेल्ट आणि ट्यूब. चाकांबद्दल एक धोक्याची सूचना: या जीपची रिम दोन भागांची असते, नटांनी जोडलेली. ट्यूबमध्ये हवा असताना ते नट सैल केलेत तर रिम तोंडावर उडेल. आधी व्हॉल्व्ह काढा, मगच पाना लावा.

अल्जेबकिनाचा पूल उडनाडाटाच्या अलीकडे. १८९२ चा, ५७८ मीटर लांब, लोखंडी, आणि खाली बहुतेक वेळा कोरडी नदी. शेजारच्या पाणवठ्याकाठी स्वॅग, म्हणजे इथली गुंडाळायची वळकटी, पसरून झोपता येतं. उडनाडाटात गुलाबी रंगाचं रोडहाउस आहे, बर्गर खा, रस्त्याची खबर विचारा. याच गावात २ जानेवारी १९६० ला ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत यायचा विचार कुणी मांडला तर त्याला हा आकडा ऐकवा. मे ते ऑगस्ट, बस. पाऊस पडला तर ट्रॅक बंद होतो आणि बंद रस्त्यावर गाडी घातली की जबर दंड, त्यामुळे हातात दोन दिवस जादा ठेवाच.

मार्लाला पोचलात की पुन्हा डांबर. अॅडलेड तिथून हजार किलोमीटरच्या वर. ट्रेलर लँड क्रूझरने किंवा एखाद्या मित्राने तिथे आणून ठेवायची व्यवस्था आधीच करा, मार्लात उभं राहून फोनाफोनी करू नका. घरी गेल्यावर गाडी लगेच कपड्याखाली झाकू नका. एअर फिल्टरच्या तेलात तळाशी बोटभर लाल गाळ बसलेला असतो, तो वाटेत रोज काढायचा असतो आणि घरी पुन्हा एकदा. ब्रेकचे चारही ड्रम उघडून धूळ पुसा, सगळ्या निपलांना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा, आणि डिफरन्शियलचं तेल पाणी शिरलेलं नसलं तरी बदलून टाका.