काय बाहेर खावे आणि काय घरी करावे

हाँगकाँगमध्ये संसार सुरू झाल्यापासून आमच्या खाण्याचे तीन भाग आपोआप पडत गेले. आठवडाभराचे जेवण घरचे आणि मराठी, रविवारची सकाळ डिमसमची, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या चिनी पदार्थांची, आणि पाव, बिस्किटे, केक हे घरच्या छोट्या ओव्हनमधले. कोणता पदार्थ स्वतः करावा आणि कोणता जाणत्या कारागिराच्या हातचाच खावा, याविषयी आता माझी मते पक्की झाली आहेत, आणि त्यांची कारणे मला नीट मांडायची आहेत.

रोजच्या जेवणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तूरडाळ, कणीक, हिंग हे चिम शा चुई भागातल्या चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीत मिळते, आणि भाजी मात्र मी मुद्दाम इथल्या ताज्या मंडईतून आणते. कारली, दोडकी, कोहळा, चवळीच्या लांब शेंगा, अळकुड्या, कमळकाकडी असे ओळखीचे बरेच काही तिथे असते. चॉय सम नावाच्या पालेभाजीला जिऱ्याची फोडणी देऊन वर दाण्याचे कूट घातले, तर पोळीबरोबर ती इतकी छान लागते की मेथीची आठवण काढण्याची वेळ येत नाही.

डिमसमचे मात्र वेगळे आहे. चहागृहात गेल्यावर आधी चहा निवडायचा, मग कढत चहाने पेले आणि चॉपस्टिक्स मोठ्या वाडग्यात विसळायच्या, आणि नंतर कागदी यादीवर पेन्सिलीने खुणा करायच्या. पदार्थांचे दर लहान, मध्यम, मोठा आणि विशेष अशा वर्गांनुसार ठरलेले असतात, शिवाय प्रत्येक माणसामागे चहाचे वेगळे पैसे लागतात. किटलीतले पाणी संपले की झाकण किंचित तिरके ठेवायचे, म्हणजे काही न बोलता ती पुन्हा भरून मिळते. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला की टेबलावर बोटांनी हलकेच टकटक करून आभार मानायचे. ही रीत वेष पालटून फिरणाऱ्या चीनच्या छिएनलोंग बादशहाच्या सेवकांपासून सुरू झाली, अशी दंतकथा सांगतात. माझ्या मुलीला ती फार आवडते, आणि आपला पेला भरण्याआधी आजीचा पेला भरण्याची सवय तिला याच टेबलावर लागली.

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त जीव आहे तो हार गाववर, म्हणजे कोळंबीच्या पारदर्शक कानवल्यांवर. पारी गव्हाचीच असते, पण ज्या पिठातून चिकटपणा देणारे प्रथिन धुऊन काढले आहे अशा निव्वळ गव्हाच्या सत्त्वाची. त्यात थोडे टॅपिओकाचे सत्त्व मिसळून उकळते पाणी ओततात आणि गरम असतानाच मळतात. उकडीच्या मोदकाची पारी ज्यांनी केली आहे, त्यांना यातली गोम लगेच कळेल: पिठाला स्वतःची ताण धरण्याची ताकद नसल्यामुळे जे काही साधायचे ते उकळत्या पाण्याच्या आणि हाताच्या जोरावर. फरक असा की इथे पारी बोटांनी न फुलवता, तेल लावलेल्या बोथट, रुंद सुऱ्याच्या पात्याने ओट्यावर दाबून गोल फिरवत पातळ केली जाते, आणि मग तिला एका बाजूने बारीक चुण्या पडतात. जोरदार वाफेवर काही मिनिटांतच ती पारदर्शक होऊन आतली गुलाबी कोळंबी दिसू लागते. थंड झाली की सत्त्व पुन्हा घट्ट होते आणि पारी वातड लागते, म्हणून टोपली टेबलावर आली की गप्पा थांबवून आधी खावे. घरी वाफेची तेवढी ताकद नाही, दिवसभर हेच काम करणारा हात नाही, आणि चार माणसांसाठी तो सगळा खटाटोप करून पदार्थ निवत ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. हार गाव बाहेरच खावेत.

सासूबाई शाकाहारी आहेत, आणि त्यांच्यासाठी डिमसमची यादी वाटते त्यापेक्षा अवघड असते. मुळ्याच्या वड्यांमध्ये सॉसेजचे तुकडे आणि सुकवलेली कोळंबी असते, अळकुडीच्या कुरकुरीत वड्यात बहुधा डुकराच्या मांसाचा खिमा, आणि गोड पावांतही चरबी असू शकते. म्हणून त्या आल्या की आम्ही डायमंड हिलच्या नान लियान उद्यानातल्या ची लिन शाकाहारी उपाहारगृहात किंवा हाँगकाँग पार्कमधल्या लॉक चा चहागृहात जातो. चिनी बौद्ध परंपरेच्या शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे ची लिनमध्ये चातुर्मासातही त्यांची अडचण होत नाही. चिनी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले कितीतरी लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी अशा ठिकाणी गर्दी असते. हे कळल्यापासून सासूबाईंना या शहराबद्दल विशेष आपुलकी वाटू लागली आहे.

पावाचे तसे नाही, तो घरीच करावा. इथल्या बेकऱ्यांतला दुधाचा मऊ पाव ज्या युक्तीवर उभा आहे, ती कोणत्याही स्वयंपाकघरात जमते: एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी मंद आचेवर ढवळत सुमारे ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे, म्हणजे दाट खळ तयार होते. ३५० ग्रॅम मैद्याच्या पावासाठी त्यातलाच २५ ग्रॅम मैदा आणि १२५ ग्रॅम पाणी पुरते. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून ही खळ निववून कणकेत घातली की पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. उन्हाळ्यात इथे कणीक फार लवकर फुगते, तेव्हा मी ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. मार्च-एप्रिलच्या दमट हवेत नानकटाई मात्र करू नये, कारण ती डब्यातही सादळते.

याच कणकेचे गोळे करून त्यांवर लोणी, साखर, मैदा आणि अंड्यातल्या बलकाची चकती ठेवली की अननस बन होतो. त्यात अननस मुळीच नसतो, भाजताना वरच्या थराला ज्या भेगा पडतात त्या अननसाच्या सालीसारख्या दिसतात एवढेच. २०१४ मध्ये हा बन करण्याची कला हाँगकाँगच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली गेली. इथले लोक गरम बन कापून त्यात गार लोण्याची जाड चकती घालून खातात, आणि माझ्या मुलीलाही तो तसाच हवा असतो. सासूबाई अंडे खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मी दोन-तीन बन चकतीशिवाय, नुसते वरून दूध लावून भाजते. ते सोमवारी सकाळच्या चहाबरोबर संपतात आणि उरलेला पाव चटणी लावून मुलीच्या डब्यात जातो.