डेसिलीटरचं घर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला लिहायचंय ते गणितातल्या एका प्रकरणाबद्दल, धारकतेबद्दल. आमच्या बाईंनी ते ज्या पद्धतीनं शिकवलं, त्यावर माझी आजवरची सगळी नोकरी उभी आहे.

बाई फळ्यावर सात घरं आखायच्या. किलोलीटर, हेक्टोलीटर, डेकालीटर, लीटर, डेसिलीटर, सेंटिलीटर, मिलीलीटर. उजवीकडचं प्रत्येक घर आधीच्याचा दहावा भाग. हजारानं गुणा, हजारानं भागा हा नियम त्यांनी बराच काळ सांगितलाच नाही. आकडा घरात बसवायला लावला. 2.75 लीटर म्हणजे लीटरच्या घरात 2, डेसिलीटरच्या घरात 7, सेंटिलीटरच्या घरात 5 आणि शेवटच्या घरात 0. सलग वाचलं की 2750 मिली. दशांश चिन्ह कुठं सरकवायचं हा प्रश्नच उरायचा नाही. उत्तर आलं की बाई विचारायच्या, “हे केवढ्या भांड्यात मावेल?” मग गवळ्याकडून मागून आणलेली लांब दांड्याची मापं निघायची. त्यातलं सगळ्यात छोटं 100 मिलीचं. ते भरून हातात देत बाई म्हणायच्या, “हा तुमचा डेसिलीटर.”

मधली ही घरं परीक्षेपुरतीच असतात असं पुष्कळांना वाटतं. पण हिमोग्लोबिनचा रिपोर्ट उघडून बघा, तिथं ग्रॅम प्रति डेसिलीटर लिहिलेलं असतं. साखर 90 आली म्हणजे 100 मिली रक्तात 90 मिलिग्रॅम. नर्सिंगला गेल्यावर हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. मोठ्यांच्या सलाइनच्या सेटमध्ये साधारण 20 थेंबांचा 1 मिली होतो. 500 मिलीची बाटली 8 तासांत द्यायची तर 10,000 थेंब, 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला जवळपास 21 थेंब. मुलांच्या मायक्रो सेटमध्ये 60 थेंबांचा 1 मिली, आणि तासाची मिनिटंही 60. त्यामुळे तासाला 30 मिली सांगितलं असेल तर मिनिटाला 30 थेंब मोजायचे. इतकं सुरेख जमणारं गणित मी दुसरं पाहिलं नाही.

घरी मात्र ही मापं फार सांभाळावी लागतात. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लीटर पाण्याचं असतं, छोटं 200 मिलीचं. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ कितीतरी जास्त होतं आणि जुलाबानं थकलेल्या बाळाला ते बाधतं. तापाच्या औषधाचंही तसंच. पॅरासिटामॉलच्या एका नेहमीच्या सिरपमध्ये 5 मिलीत 125 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे 1 मिलीत 25. तान्ह्या बाळाच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीतच 100. चौपट! बाटल्या दिसायला सारख्या, नावही तेच. सिरपचं माप धरून ड्रॉप्स पाजले तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं.

माझ्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच जणी आता आया, आज्या झाल्या आहेत. त्यांना एवढंच सांगते: बाटलीवर ‘प्रति 5 मिली’ लिहिलंय की ‘प्रति मिली’, ते आधी वाचा. स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नका, औषधाबरोबर आलेलं टोपण किंवा ड्रॉपर घ्या. आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला वापरू नका.